जाहीरनाम्यावरून पेटलेला वाद

1973 साली दलित पँथरने आपला जाहीरनामा छापला. संघटना जेमतेम वर्षाची होती. तिच्यापाशी ना पैसा होता, ना इमारत, ना रीतसर सभासद-नोंदणी. जाहीरनाम्यात दलित कोण, या प्रश्नाचे उत्तर दिले होते. अनुसूचित जाती, जमाती आणि नवबौद्ध त्यात होतेच. पण श्रमिक, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकारण, अर्थकारण किंवा धर्माच्या नावाने पिळले जाणारे सगळेच त्यात धरले होते. या व्याख्येवरून संघटनेच्या नेत्यांमध्ये जे बिनसले, ते पुन्हा जुळले नाही. 1974 संपण्याआधी नामदेव ढसाळ एका बाजूला आणि राजा ढाले, ज. वि. पवार दुसऱ्या बाजूला अशी फाटाफूट होऊन गेली होती.

हा इतिहास सांगताना बहुतेक जण दोन तेजस्वी, तापट तरुणांच्या अहंकाराची गोष्ट सांगतात आणि थांबतात. अहंकार होता, यात शंका नाही. पण तेवढ्यावर थांबले की खरा विषय हातातून निसटतो. जातीविरुद्ध लढायचे की वर्गाविरुद्ध, आंबेडकरांच्या वाटेने जायचे की मार्क्सच्या, आणि दोन्ही वाटा कुठे एकत्र येतात का, हा प्रश्न पँथरच्या जन्माआधी चाळीस-पंचेचाळीस वर्षे मुंबईत विचारला जात होता. तो आधी विचारला गेला तो गिरण्यांत.

1928 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. याच लढ्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि श्रीपाद अमृत डांगे तिचे सरचिटणीस झाले. कामगारांची अशी एकजूट मुंबईने त्याआधी पाहिली नव्हती. पण या एकजुटीच्या आत एक भिंत होती. गिरणीत चांगला पगार मिळायचा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात. तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या हाती नको, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. म्हणून अस्पृश्यांच्या वाट्याला कमी पगाराची रिंगसारखी खाती येत. ही बंदी मालकांनी घातलेली नव्हती. ती लाल बावट्याखाली उभ्या असलेल्या कामगारांनीच पाळली होती.

डॉ. आंबेडकरांनी नेमके यावर बोट ठेवले. साचेखाते सर्वांना खुले करण्याची मागणी युनियनने आपल्या मागण्यांत घातली नाही, तर अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहायला सांगू, असे त्यांनी बजावले. युनियनने ती मागणी घेतली, पण नाखुशीने. पुढे 1936 मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात आंबेडकरांनी जो युक्तिवाद केला, त्याची मुळे या गिरणीतल्या अनुभवात दिसतात. जात ही कामाची विभागणी नाही, ती कामगारांचीच उतरंड लावून केलेली विभागणी आहे. म्हणून जो कामगारांना एकत्र आणू पाहतो त्याला जातीशी आधी भिडावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. आर्थिक पाया बदलला की जात आपोआप कोसळेल, यावर त्या काळच्या कम्युनिस्टांचा भरवसा होता. साचेखात्याच्या दाराशी तो भरवसा खोटा ठरत होता.

तरीही दोन्ही बाजू एकमेकींना अस्पृश्य मानत नव्हत्या. आंबेडकरांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावातच मजूर होता. 1937 मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू एका दमात सांगितले. त्याच वर्षी काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा 7 नोव्हेंबरला झालेल्या संपात आंबेडकर आणि डांगे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मतभेद कायम ठेवून एका मुद्द्यावर एकत्र लढता येते, याचा हा मुंबईतला पुरावा आहे. तो विसरला जातो, कारण त्यानंतर 1952 आले.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत आंबेडकर उत्तर मुंबईतून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार होते. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. डांगेही याच मतदारसंघातून उभे होते. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना एक मत डांगेंना द्या आणि दुसरे वाया घालवा, असे सांगितल्याचा आरोप झाला. हजारो मते खरोखरच वाया गेली. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून आंबेडकर सुमारे चौदा हजार मतांनी हरले. ज्या माणसाच्या देखरेखीखाली राज्यघटनेचा मसुदा झाला, तो त्या घटनेखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत लोकसभेत पोहोचू शकला नाही. आंबेडकरी वस्त्यांमध्ये ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पुढे जेव्हा जेव्हा लाल निशाणासोबत जाण्याचा विषय निघाला, तेव्हा तेव्हा कुणीतरी उठून 1952 ची आठवण काढली. ती आठवण काढणाऱ्याला कोत्या मनाचे म्हणणे हा अन्याय आहे.

या दोन प्रवाहांमध्ये आयुष्यभर उभा राहिलेला एक माणूस मात्र या चर्चेत फार कमी वेळा येतो. रामचंद्र बाबाजी मोरे, अर्थात कॉम्रेड आर. बी. मोरे. महाडजवळच्या लाडवलीचे. 1927 च्या मार्चमध्ये महाडला जी परिषद भरली आणि जिच्यातून चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला, तिच्या आयोजनात त्यांचा मोठा वाटा होता. काही वर्षांतच ते कम्युनिस्ट झाले आणि अखेरपर्यंत कम्युनिस्ट राहिले. पण आंबेडकरांबद्दलचा आदर त्यांनी कधी झाकला नाही. अस्पृश्यतेच्या प्रश्नाकडे पक्ष पाठ फिरवतो आहे, हे सांगणारी टिपणे ते पक्षाच्या नेतृत्वाला लिहीत राहिले. पक्षाने ती वेळीच मनावर घेतली असती, तर पुढचा बराच कडवटपणा टळला असता असे वाटते. मोरे 1972 मध्ये गेले, म्हणजे पँथर जन्माला आली त्याच वर्षी.

आंबेडकर स्वतः या वादावर शेवटचे सविस्तर बोलले ते 20 नोव्हेंबर 1956 रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत. दुःख आणि शोषण संपवणे हे बुद्धाचेही ध्येय आहे आणि मार्क्सचेही. फरक मार्गात आहे, हिंसा आणि हुकूमशाहीने मिळवलेले टिकत नाही, माणसाचे मन बदलून मिळवलेले टिकते, असा त्यांचा रोख होता. सोळा दिवसांनी त्यांचे निधन झाले. याच विषयावरचे त्यांचे अधिक तपशीलवार लेखन अपुऱ्या हस्तलिखितांच्या रूपात मागे राहिले, आणि ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात 1987 मध्ये छापले. 1974 मध्ये जे तरुण 'बुद्ध की मार्क्स' म्हणून एकमेकांवर तुटून पडले, त्यांच्या हाती हे लेखन नव्हते. वाद किती अपुऱ्या साधनांनिशी लढला गेला, हे त्यावरून कळावे.

आंबेडकरांनंतर 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत फुटला. भांडण पुन्हा तेच होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्टांसोबत काम केलेले दादासाहेब गायकवाड जमिनीच्या प्रश्नावर सर्व भूमिहीनांना सोबत घेऊ पाहत होते, तर बी. सी. कांबळे यांना त्यात कम्युनिस्टांचा शिरकाव दिसत होता. एक गट 'दुरुस्त' म्हणवू लागला आणि मग साहजिकच दुसऱ्याला 'नादुरुस्त' म्हटले जाऊ लागले. या कलहातही गायकवाडांनी डिसेंबर 1964 मध्ये पडीक आणि गायरान जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणून जो सत्याग्रह केला, तो देशातल्या मोठ्या भूमी-लढ्यांपैकी एक ठरला. बायाबापड्या पोराबाळांसकट तुरुंगात गेल्या. आणि तरी 1967 नंतर पक्ष काँग्रेसच्या जवळ सरकत गेला आणि गटागटांत विरघळत गेला.

1970 मध्ये देशभरच्या अस्पृश्यांवरील अत्याचारांची नोंद करणारा इळया पेरुमाळ समितीचा अहवाल संसदेसमोर आला. 1972 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली, पुणे जिल्ह्यात बावड्याला दलितांवर गावाने बहिष्कार घातला. मुंबईत शिकलेल्या, चाळींत आणि झोपडपट्ट्यांत वाढलेल्या, लघुनियतकालिकांत लिहिणाऱ्या तरुणांना रिपब्लिकन पुढाऱ्यांचे मौन असह्य झाले. त्या मे महिन्यात ज. वि. पवार आणि नामदेव ढसाळ यांच्या बोलण्यातून संघटनेची कल्पना पुढे आली. अमेरिकेत ओकलंडला 1966 मध्ये निघालेल्या ब्लॅक पँथर पार्टीच्या बातम्या इथल्या तरुणांनी वाचल्या होत्या; नाव तिथूनच आले. कामाठीपुऱ्यातल्या सिद्धार्थनगरात 9 जुलैला जाहीर सभा झाली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, 15 ऑगस्टला, 'साधना' साप्ताहिकाच्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रप्रतीकाच्या अपमानाला किती दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूला हात घातला तर किती, अशी थेट तुलना त्यात होती. महाराष्ट्र हादरला. दुर्गाबाई भागवतांसारख्या लेखिकेनेही निषेध केला. पण वस्त्यावस्त्यांत पँथरच्या छावण्या निघू लागल्या त्या याच लेखानंतर.

ढाले आणि ढसाळ यांची जडणघडण वेगळी होती, आणि वाद समजून घ्यायचा तर ती पाहायला हवी. ढाले सांगली जिल्ह्यातल्या नांद्र्याचे, शब्दाबाबत काटेकोर, बौद्ध विचाराचा सखोल अभ्यास असलेले. त्यांच्या लेखी बाबासाहेबांनी 1956 मध्ये घडवलेले बौद्ध धर्मांतर ही क्रांतीच होती आणि पुढचे काम ती पुरी करण्याचे होते. ढसाळ पुणे जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरचे, लहानपणीच मुंबईत आलेले, गोलपिठ्याच्या आसपास वाढलेले, टॅक्सी चालवलेले. 'गोलपिठा' हा त्यांचा कवितासंग्रह पँथरच्याच वर्षी, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला. वेश्या, हमाल, दारूभट्टीवरची माणसे, भंगार वेचणारी पोरे त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांतली कितीतरी पूर्वाश्रमीची महार नव्हती, बौद्ध नव्हती, तरी त्यांचे जगणे तितकेच तुडवलेले होते.

म्हणून जाहीरनाम्यातली ती व्यापक व्याख्या ढसाळांना स्वाभाविक वाटत होती. एक जात, तीही संख्येने थोडी, एकटी लढून राज्यसत्ता हलवू शकत नाही. जमीन, मजुरी आणि सत्ता यांवर लढायचे तर त्याच आगीत होरपळणाऱ्या इतरांना जोडून घ्यावे लागेल, असा त्यांचा विचार होता. ढाले यांना या व्याख्येत धोका दिसत होता. सगळेच शोषित दलित ठरले, तर गावात दलितावर लाठी चालवणारा कुळवाडीही उद्या त्याच यादीत बसेल. जातीचा विशिष्ट जाच 'शोषण' या मोठ्या शब्दात बुडून जाईल. आणि ज्या कम्युनिस्टांनी 1952 मध्ये बाबासाहेबांना साथ दिली नाही, ते या दाराने आत येतील. जाहीरनामा कम्युनिस्ट मित्रांनी लिहून दिला, असाही आरोप झाला.

दोघेही एकेका ठिकाणी बरोबर होते. गावगाड्यातला अनुभव ढाले यांच्या बाजूने साक्ष देत होता: अत्याचार करणारे बहुतेकदा बडे जमीनदार नसत, दोन-चार एकरांचे शेतकरीही असत. पण एकटे राहिल्याने काय होते, हे रिपब्लिकन पक्षाच्या पंधरा वर्षांनी दाखवले होते, आणि ती साक्ष ढसाळांच्या बाजूची होती. अशा प्रश्नाला चार-सहा महिन्यांत उत्तर सापडत नाही. त्यासाठी अधिवेशने लागतात, अभ्यासवर्ग लागतात, ठराव आणि दुरुस्त्या लागतात, अल्पमतात पडलेल्याला मानाने संघटनेत राहता येईल असे नियम लागतात. पँथरपाशी यांतले काहीच नव्हते, आणि ते उभे करायला उसंतही मिळाली नाही.

कारण जानेवारी 1974 मध्ये वरळी पेटली. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला होता. 5 जानेवारीला वरळीच्या बी. डी. डी. चाळीत पँथरची सभा चालू असताना दगडफेक झाली, पोलीस घुसले, आणि पुढे कित्येक दिवस वरळी-नायगाव धुमसत राहिले. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीबारात गेला. 10 जानेवारीला निषेधाच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव या कार्यकर्त्याचा जीव घेतला. निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, म्हणजे डांगेंच्याच कन्या, निवडून आल्या. पँथरमधल्या वादाला यामुळे आणखी धार चढली असणार, हे समजण्यासारखे आहे. दंगलीची चौकशी न्या. भस्मे आयोगाने केली. कार्यकर्त्यांवर खटल्यांची रांग लागली. कोर्टाच्या तारखा, जामीन, जखमींचे दवाखाने आणि त्यातच जाहीरनाम्याचा वाद, असे ते वर्ष गेले.

त्यामुळे वाद बैठकीत झालाच नाही. तो वर्तमानपत्रांत, पत्रकांत आणि सभांत झाला. समोरच्याचे म्हणणे खोडण्यापेक्षा तो 'खरा आंबेडकरवादी' आहे की नाही, हे ठरवण्याला महत्त्व आले. त्या पट्टीने मोजायला सुरुवात झाली की कुणीच पुरेसा उंच ठरत नाही. ढसाळांना संघटनेतून काढल्याचे जाहीर झाले. 7 मार्च 1977 रोजी ढाले आणि पवार यांनी आपल्या बाजूची पँथर बरखास्त केली. अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे यांनी मग भारतीय दलित पँथर उभी केली आणि मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा लढा अंगावर घेतला. 1978 च्या विधिमंडळ ठरावापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत चाललेला तो लढा हा या पिढीचा मोठा पराक्रम आहे. ढसाळांचा पुढचा राजकीय प्रवास मात्र अनेकांना चटका लावून गेला: आणीबाणीचे समर्थन, मग वेगवेगळ्या पक्षांशी सलगी.

संघटना मोडली तरी तिने उभा केलेला प्रश्न थांबला नाही. धुळ्याच्या शरद पाटील यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून 1978 मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स-फुले-आंबेडकरवाद मांडला. इंग्रज येण्याआधी भारतीय समाजात शोषणाचा सांगाडा जातीचाच होता, वर्ग नंतर आले, म्हणून फक्त वर्गाच्या चष्म्यातून हा समाज दिसणार नाही, असा त्यांचा सिद्धान्त. 'दास-शूद्रांची गुलामगिरी'सारखा ग्रंथ लिहिणारा हा माणूस धुळे-नंदुरबारच्या आदिवासींचे लढेही लढवत होता. रावसाहेब कसबे यांनी 'आंबेडकर आणि मार्क्स' लिहून दोन्ही विचार शेजारी ठेवून तपासले. बाबुराव बागूल यांचे लेखन, गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' नियतकालिक, गेल ऑम्व्हेट आणि भारत पाटणकर यांचे श्रमिक मुक्ती दल, या सगळ्यांनी आपापल्या परीने तोच प्रश्न पुढे नेला. आज डाव्या पक्षांच्या व्यासपीठावर फुले-आंबेडकरांच्या तसबिरी दिसतात, त्यामागे या वादाचा रेटा आहे.

एक उणीव मात्र तेव्हाच्या दोन्ही बाजूंची सारखीच होती. जाहीरनाम्याने स्त्रियांना दलित म्हटले, पण संघटनेच्या नेतृत्वात त्या नव्हत्या. ब्राह्मणगावच्या स्त्रियांवरील अत्याचाराने जी चळवळ पेटली, तिच्या वैचारिक चर्चेत स्त्रीचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती गोळा केल्या, आणि ढसाळांच्या पत्नी मलिका अमर शेख यांनी आपल्या आत्मकथनात पँथरच्या काळातले घर आतून दाखवले, तेव्हा कुठे ही बाजू कागदावर आली. पँथरचा इतिहास या पुस्तकांशिवाय वाचणे म्हणजे अर्धाच वाचणे.

ढसाळ 2014 मध्ये गेले, ढाले 2019 मध्ये. या वादातले अनेक शब्द स्वस्त कागदावरच्या पत्रकांत, ढाले यांच्या 'विद्रोह'सारख्या अनियतकालिकांत, छावण्यांच्या हस्तलिखित ठरावांत लिहिले गेले. ज. वि. पवार यांनी जपलेली पत्रे, कात्रणे आणि पत्रके त्यांच्या पँथरवरील पुस्तकाचा कणा झाली. असे जपणारे फार थोडे. ज्यांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, वडिलांच्या किंवा काकांच्या कागदांत 1972 ते 1977 मधले असे काही असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. जवळच्या विद्यापीठाच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या हवाली करावे, निदान त्याची छायाप्रत तरी द्यावी. ढाले बरोबर होते की ढसाळ, हे पुढच्या पिढीला ऐकीव गोष्टींवरून नव्हे, त्यांनी स्वतः लिहिलेल्या ओळी वाचून ठरवता यायला हवे.